पितळेच्या रंगाच्या पिना

नवलची पिकअप परत आली तेव्हा हेमकांतने आधी फारसं मनावर घेतलं नाही. सारंगखेड्याचा नवल पपई भरून सुरतेला जायचा आणि गाडीला दोनच्या जागी सहा दिवे लावायचा. अशा माणसाच्या गाडीत काही ना काही जळतंच. पण बॉनेट उघडून हेमकांतने हेडलाईटचं कपलर हातात घेतलं आणि तो थांबला. दोन बाजूंच्या वायरी जिथे पिनांनी एकमेकींत बसतात, ती प्लॅस्टिकची जोडणी मेणासारखी खाली ओघळली होती. त्याने पक्कडीने आतली पीन ओढून काढली, पँटला पुसली आणि उन्हात धरली. तिच्यावर तांबूस गंज चढला होता.

लोणखेड्यात हेमकांतचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान सव्वीस वर्षांचं. पितळ काळं पडतं, हिरवं पडतं, पण असं लोखंडासारखं तांबूस गंजत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ही पीन दोन महिन्यांपूर्वी त्याच्याच दुकानात बसवली होती आणि त्याने आणलेल्या पिना पितळेच्या होत्या. शहाद्याच्या बन्सीलालकडून, त्याच पिवळ्या पाकिटातून, अकरा वर्षं तो तोच माल घेत होता.

मग ही लोखंडाची कुठून आली?

नवलच्या गाडीचं काम आशाने केलं होतं.

आशा पावरा धडगावकडची. आयटीआय करून ती चार वर्षांपूर्वी दुकानात आली, तेव्हा बाई वायरिंग कसं करणार म्हणून गिऱ्हाइकं हसली होती. नंतर हसणं थांबलं. तिने दाबलेला जोड कधी सैल निघायचा नाही. पहाडातले जीपवाले तर तिच्याशी पावरीत, आपल्या घरच्या बोलीत, बोलता येतं म्हणूनच या दुकानात यायला लागले. हेमकांत गिऱ्हाइकांशी अहिराणीत बोलायचा, आशाशी मराठीत. मराठी दोघांच्याही घरची नव्हती, त्यामुळे त्यांचं बोलणं कामापुरतं आणि जरा शाळेतल्यासारखं व्हायचं.

त्याने नवलची गाडी दुरुस्त करून दिली. आशाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती, हे त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. पण त्या दिवशी त्याला वाटलं, आधी बघू.

पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन गाड्या आल्या. रनाळ्याच्या मिरचीवाल्याचा टेम्पो सेल्फ मारत नव्हता. सेल्फच्या वायरीची पीन आत गंजून कपलरला चिकटून बसली होती. मग कॉलेजातल्या एका सरांची कार आली, तिच्या पंख्याच्या कपलरला जळका वास येत होता. टेम्पोचं काम आशाचं होतं. कारचं काम आपण स्वतः केलं होतं हे हेमकांतला आठवलं आणि क्षणभर त्याचा संशय ढिला पडला. पण लगेच दुसरंही आठवलं. पाकीट फोडून पिना डब्याच्या कप्प्यांत भरून ठेवायचं काम आशाच करते. म्हणजे डब्यातच बदल झाला असणार.

एकदा मन त्या दिशेला लागलं की सगळं त्याच बाजूचं दिसायला लागतं. आशा सकाळी त्याच्या आधी येऊन कुलूप उघडायची, याचं त्याला आजवर कौतुक होतं. आता तो स्वतः लवकर यायला लागला. ती कपाटाजवळ गेली की तो हातातलं काम सोडून काहीतरी शोधायच्या निमित्ताने मागे जायचा. बोलताना ती मध्येच गप्प झाली की त्याला ते खुपायचं. खरं तर ती पहिल्यापासून कमीच बोलायची.

एका दुपारी त्याने बघितलं. सरांच्या कारमधून निघालेली जळकी पीन आशाने कचऱ्याच्या डब्यात टाकली नाही. इकडेतिकडे पाहून तिने ती कागदात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत ठेवली. हेमकांत टेबलाशी पाठमोरा उभा होता. समोरच्या साईड मिररमध्ये त्याला सगळं दिसत होतं. पुरावा लपवते आहे, असं त्याच्या मनात आलं.

त्याने घरी बायकोला, रुपाला सांगितलं. रुपा भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिले सरळ इचारी ले ना. मनमा ठेवीसन काय करशी?"

हेमकांत म्हणाला, चोराला विचारलं तर चोर सावध होतो. रुपाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजीला लागली. चार वर्षांत चोर हा शब्द या घरात आशासाठी पहिल्यांदाच निघाला होता.

दोन दिवसांनी तो शहाद्यात बॅटरीचं पाणी आणायला गेला, तेव्हा भिला भंगारवाल्याच्या वाड्यासमोर त्याला आशा दिसली. भिला तोंडावर मान्य करणार नाही, पण चोरीची तांब्याची तार त्याच्याकडे येते असं गावात सगळेच म्हणायचे. आशाने पिशवीतून कागदाची पुडी काढून भिलाच्या हातात दिली. भिलाने ती उघडली, आत बघितलं, मान हलवली. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. हेमकांत मोटारसायकल बंद करून पानटपरीच्या आडोशाला थांबला.  आता त्याला काही विचारायचं उरलं नव्हतं. चांगल्या पितळेच्या पिना भिलाला द्यायच्या आणि त्यांच्या जागी लोखंडाच्या भरायच्या.

तरीही तो तिला बोलला नाही. बोलला तो नवलला. नवल बॅटरी दाखवायला आला होता आणि त्याने सहज विषय काढला की दोन महिन्यांतच वायरिंग जळाली, हे तुमच्या दुकानाला शोभत नाही. हेमकांतला ते लागलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मी पितळ आनस, अनि गाडीमा लोखंड निंघस. मधमा कोन शे, तूच समज."

नवलने भुवया वर केल्या आणि दुकानाच्या आतल्या बाजूला नजर टाकली. आशा एका जीपच्या डॅशबोर्डखाली अर्धी शिरून काम करत होती. तिला अहिराणी येत नाही असं ही माणसं का कोण जाणे धरून चालली होती.

त्यानंतर गिऱ्हाइकं बदलली. आशाने किल्लीसाठी हात पुढे केला की लोक ती हेमकांतच्या हातात द्यायचे. एकजण तर ती काम करत असताना अख्खा वेळ गाडीशेजारी उभा राहिला. आशाने जेवण दुकानात करणं सोडलं. ती डबा घेऊन मागच्या निंबाखाली जाऊन बसायची. हेमकांतने त्याचाही अर्थ लावला. अपराधी माणूस नजर चुकवतो.

श्रावण सरत आला होता. एका सकाळी नऊच्या सुमाराला ट्रॅक्टरमागे दोराने बांधलेली गोकुळची जीप दुकानासमोर आली. गोकुळ शहादा ते धडगाव प्रवासी वाहतूक करायचा. उन्हाळ्याच्या शेवटी त्याने याच दुकानात पूर्ण वायरिंग करून घेतली होती. तो खाली उतरला. त्याने सांगितलं ते असं. पहाटे घाटात दाट धुकं होतं, म्हणून दिवे आणि वायपर दोन्ही चालू होते. एका वळणाआधी डॅशबोर्डातून धूर निघाला आणि दिवे, वायपर, सगळं एकदम गेलं. समोरचं काही दिसेना. त्याने अंदाजाने गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. दुसऱ्या अंगाला दरी होती. मागे बसलेली नानीबाई नावाची म्हातारी धूर पाहून घाबरली आणि गाडी पुरती थांबायच्या आत तिने उडी मारली. तिचं मनगट मोडलं होतं; तिला गोकुळने सोबतच आणलं होतं. बाकीचे अकरा जण ठीक होते.

"अकरा जण," गोकुळ पुन्हा म्हणाला.

दुकानासमोर पाच-सहा माणसं जमली. हेमकांत डॅशबोर्डखाली वाकला आणि त्याने मुख्य कपलर ओढून काढलं. ते अर्धं जळालं होतं. त्यातून त्याने पीन बाहेर काढली, अंगठ्याने घासली, तर अंगठ्याला तांबूस भुकटी लागली. इतके दिवस मनात साठलेलं सगळं एकदम वर आलं. तो आशाकडे वळला.

"आशा, माझ्या पितळेच्या पिना कुठे गेल्या?"

आशाच्या हातात टेस्टर होता. तिने तो शांतपणे खाली ठेवला.

"मी भिलाच्या वाड्यावर तुला बघितलं आहे," हेमकांत म्हणाला. "आता खोटं बोलू नको. आज माणसं मेली असती."

ती आत गेली. जमलेल्यांना वाटलं, आता मागच्या दाराने निघून जाईल. पण ती आपली पिशवी घेऊन परत आली आणि तिने टेबलावर कागदाच्या छोट्या पुड्या एकेक करून ठेवल्या. पाच होत्या. प्रत्येक पुडीवर शाळेतल्या सुवाच्य अक्षरात गाडीचा नंबर, तारीख आणि काय जळालं ते लिहिलेलं होतं. नवलच्या हेडलाईटची पीन होती. टेम्पोच्या सेल्फची होती. सरांच्या कारची होती. आणखी दोन अशा गाड्यांच्या होत्या, ज्या हेमकांत नसताना आल्या होत्या.

"हेच मला तुम्हाला विचारायचं होतं, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही पितळ सांगून लोखंड का आणता?"

हेमकांतला आधी प्रश्नच कळला नाही.

आशा बोलत राहिली, हळू पण न थांबता. पहिली पीन गंजलेली निघाली तेव्हा तिलाही वाटलं, मालकांनी खर्च वाचवायला हलका माल सुरू केला. तिने चुंबक लावून पाहिला, पीन चिकटली. पण मालकावर असा आरोप करायचा तर पक्की खात्री हवी, म्हणून ती भिलाकडे गेली. धातू ओळखण्यात त्या माणसाचा हात कुणी धरणार नाही. भिलाने कानस मारून दाखवलं, वर पितळेचा नुसता पापुद्रा आणि आत लोखंड. पीन दाबताना तो पापुद्रा फाटतो, कडेने पाणी लागतं, आत गंज धरतो. गंज धरलेला जोड तापत जातो. "आणि फ्यूज उडत नाही," ती म्हणाली, "कारण करंट वाढलेलाच नसतो. तापतो फक्त जोड. म्हणून कुणाला आधी कळत नाही."

"पण डब्यात पिना तूच भरतेस..." हेमकांतने सुरुवात केली.

आशाने फळीवरून बन्सीलालकडचं न फोडलेलं पाकीट घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्याने ते स्वतः उलटून पाहिलं. शिक्का शाबूत होता. त्याने स्वतःच्या हाताने ते फाडलं आणि पिना टेबलावर ओतल्या. पिवळ्याधमक, नव्या. मग जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक आणून त्याने त्यांच्यावर धरला. पिना उडून चुंबकाला जाऊन चिकटल्या. एकही खाली राहिली नाही.

 गोकुळ चुंबकाकडे बघत होता आणि मग हेमकांतकडे. हेमकांतला कळलं की आता जमलेल्या प्रत्येकाच्या मनात चोर तो आहे.

तो तसाच पाकीट घेऊन बन्सीलालकडे गेला. बन्सीलालशी त्याची जुनी ओळख, लग्नकार्यात पानाला पान लावून बसण्याइतकी. त्या मैत्रीपायीच अकरा वर्षांत त्याने कधी एका पिनेला चुंबक लावला नव्हता. बन्सीलालने आधी आश्चर्य दाखवलं. मग म्हणाला, माल वरून येतो, पाकीट तेच, छपाई तीच, आत काय भरलं हे मी कसं सांगू. तांबं महाग झालं तसं पितळही महाग झालं, आता बाजारात सगळीकडे हेच चालतं. बोलताना तो काउंटरवरचं पाकीट उगाच सरळ करत होता. हेमकांतने विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? बन्सीलालने पाकीट बाजूला सारलं.

"तू कधी इचारंच नही," तो म्हणाला.

याचा अर्थ त्याला माहीत होतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे हेमकांतला शेवटपर्यंत समजलं नाही. त्याने तिथला माल बंद केला. बन्सीलालचं दुकान चालूच आहे.

दुपारी तो लोणखेड्याला परतला तेव्हा रुपा नानीबाईला घेऊन दवाखान्यात गेली होती आणि आशा गोकुळच्या जीपमधून एकेक जोड काढून ठेवत होती. हेमकांत तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्यानेही एक जोड काढून तिच्या ओळीत ठेवला. शेवटी म्हणाला, "माझं चुकलं. मला माफ कर."

"मीपण तुमच्यावर संशय घेतलाच होता," आशा म्हणाली. तिचे हात चालू होते. "दीड महिना रोज तुमच्याकडे बघायचे आणि वाटायचं, हा माणूस असा कसा."

हेमकांतला जरा हलकं वाटलं. म्हणजे दोघंही सारखेच चुकले होते.

"पण मी कुणाला बोलले नव्हते," ती म्हणाली.

तिने मान वर केली नाही, आवाज चढवला नाही. नवलशी झालेलं बोलणं तिने ऐकलं होतं, हे हेमकांतला तेव्हा कळलं.

पुढचे सहा आठवडे त्यांनी उन्हाळ्यापासून पिना बसवलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. काही मालकांना फोन करून, काहींच्या दारात जाऊन. पिना आता धुळ्याहून आणल्या होत्या, टिनचा थर दिलेल्या खऱ्या पितळेच्या. हेमकांतने कुणाकडून काही घेतलं नाही. गाडीवाले यायचे, जुन्या पिना बघायचे, मग नव्या पिनांकडेही तशाच नजरेने बघायचे. गोकुळ सोडला तर क्वचितच कुणी आशाच्या हातात किल्ली दिली.

म्हणून एका रविवारी हेमकांत सारंगखेड्याला गेला. नवल पपईच्या क्रेट मोजत उभा होता. हेमकांतने त्याला सरळ सांगितलं की आशाबद्दल मी बोललो ते खोटं होतं, माल बन्सीलालकडूनच तसा येत होता. नवलने ऐकलं आणि त्याचा चेहरा ओशाळा झाला. "मी ते चार जनसले सांगी बसनू," तो म्हणाला. त्याने नावंही सांगितली.

हेमकांत त्या चौघांकडे गेला. सारंगखेड्यातले दोघे भेटले, त्यांनी "असं का" म्हणून विषय बदलला. तिसरा गावात नव्हता. चौथा होता रनाळ्याचा तोच मिरचीवाला, टेम्पोचा मालक. हेमकांत थेट त्याच्या खळ्यावर पोचला. लाल मिरचीच्या पसाऱ्याकडेला उभं राहून, नाकाला रुमाल लावून त्याने पुन्हा सगळं सांगितलं. त्या पोरीने चोरी केली नाही. चोर म्हणणारा मी होतो आणि ते खोटं होतं.

मिरचीवाल्याने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग जरा हसून विचारलं, "तिन्हासाठे तू इतला लांब उना?"

हेमकांतला त्या हसण्याचा अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मालक कामावरच्या पोरीसाठी इतक्या लांब का येतो, याचं उत्तर त्या माणसाने मनाशी ठरवून टाकलं होतं. काही उत्तर दिलं असतं तरी ते त्या हसण्यातच जमा झालं असतं. तो मोटारसायकलवर बसला आणि घरी आला. घडलेलं त्याने रुपाला सांगितलं, शब्द न शब्द. दुसऱ्याच्या तोंडून तिच्या कानावर जाण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, एवढं शहाणपण त्याला आता आलं होतं. रुपाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की आता गावोगाव फिरणं थांबव, तू जितका सांगत फिरशील तितका त्या पोरीलाच त्रास होईल.

आशाला त्याने रनाळ्याचं सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. दिवाळीच्या आधी, शेवटची परत बोलावलेली गाडी पूर्ण झाली त्या संध्याकाळी, तिने हात धुतले आणि म्हणाली की धडगावला स्टँडजवळ गोकुळने तिच्यासाठी एक गाळा बघितला आहे. तिकडच्या जीपवाल्यांना प्रत्येक वेळी घाट उतरून खाली यावं लागतं. ती जाणार आहे.

"लोक बोलतात म्हणून चाललीस का?" हेमकांतने विचारलं.

आशाने थोडा विचार केला. "थोडं त्यामुळे," ती म्हणाली. "आणि थोडं मला तिथे जायचंच आहे म्हणून."

आता तिचं दुकान चांगलं चालतं. गोकुळ सांगतो, तिथे तिच्या हाताखाली दोन बायका काम शिकतात. नानीबाईचं मनगट जुळलं, पण मूठ पुरती मिटत नाही.

लोणखेड्यात मात्र लोकांनी आपापला निकाल लावून टाकला. चोरी पकडली गेली म्हणून हेमकांतने तिला काढून टाकलं, असं बहुतेकजण धरून चालतात. काहीजण दुसरंच काही धरून चालतात. दुकानात कुणी विषय काढला की हेमकांत हातातलं काम ठेवतो आणि सांगतो, ती स्वतः गेली, चोरी तिने केली नव्हती, संशय माझा होता आणि खोटा होता. ऐकणारा हो हो म्हणतो, मान डोलवतो, आणि आपली गाडी घेऊन जाताना बॉनेट पुन्हा एकदा उघडून बघतो.